डावीकडे ओढणारा बंब

दातवाल्यांच्या गळ्यात तो बंब पडला, तोही त्यांना न विचारता.

चौतीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या केल्या होत्या. त्यांचं खरं नाव शेजारपाजारचे केव्हाच विसरले होते. पोस्टमनसुद्धा खालून "दातवाले" अशीच हाक मारायचा. पुढे डॉक्टरांकडे नवी मशीनं आली, जबडा पडद्यावर दिसायला लागला आणि कवळ्या बाहेरून तयार होऊन यायला लागल्या. तेव्हा दातवाल्यांनी आपली कामाची खोली बंद केली. मेणाच्या सुऱ्या, घासायचं बारीक मशीन, प्लास्टरची भांडी असा सगळा पसारा घरी मागच्या खोलीत आणून मांडला आणि हाताला चाळा म्हणून एक होडी, एक क्रेन, एक रोडरोलर असं काहीबाही करत बसले. कुणी करायला सांगत नव्हतं आणि कुणी बघायलाही येत नव्हतं. त्यातच त्यांचं सुख होतं.

त्या सुखाला दृष्ट लागली मेहुण्यांची. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, फायर ब्रिगेडमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर. स्टेशनात जुन्या लोकांना एकदा चहाला बोलावलं होतं. तिथे नव्या स्टेशन ऑफिसरने सांगितलं की नव्या हॉलमध्ये जुन्या वस्तू मांडायच्या आहेत, पण जो लांब नाकाचा लाल बंब इथून इतकी वर्षं धावला त्याचे फक्त दोन फोटो उरलेत. गाडी कधीच भंगारात गेली. झालं, मेहुणे उभे राहिले आणि म्हणाले, आमचे दाजी करून देतील. हुबेहूब. नुसता शोभेचा नाही, रिमोटवर चालणारा, घंटा वाजवणारा आणि पाणी मारणारा. टाळ्या पडल्या. टाळ्या मेहुण्यांना आणि काम दाजींना.

ही बातमी त्यांनी घरी येऊन अशा थाटात सांगितली, जणू कुणाचं लग्न जमलंय.

"तीन महिने आहेत, दाजी. तुमच्या तर डाव्या हाताचा मळ."

दातवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, दादाने चारचौघांत शब्द दिलाय. म्हणजे विषय संपला.

पहिला महिना बरा गेला, हे मान्य करायला हवं. मूळ गाडीचा एक फूट तो इथला एक इंच, असं प्रमाण धरलं. दोन फुटांहून थोडा लांब बंब व्हायचा होता. पत्रा वाकवून खालचा सांगाडा झाला. बॉनेट आधी मेणात कोरलं, त्याचा प्लास्टरचा साचा घेतला आणि घरात शिल्लक होतं त्या कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकमध्ये ओतलं. रंग चढेपर्यंत ते हिरडीसारखं दिसत होतं. बायकोने विचारलं, बंबाला दात कधी बसवणार? दातवाले हसले. हसण्याचे दिवस तेवढेच.

दुसऱ्या महिन्यापासून मेहुणे रोज यायला लागले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि सुरू. शिडीचे दांडे जाड झालेत. घंटेचा आवाज फार किरटा आहे. पाण्याच्या होजचं रीळ इतकं वर नव्हतं. मडगार्डची कमान अशी गोल नव्हती, जरा पडकी होती. दातवाले मडगार्ड करायचे, मेहुणे मान हलवायचे. दातवाले ते तोडून पुन्हा करायचे. पुढचं डावं मडगार्ड असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मेहुणे म्हणाले, आता जवळ आलंय. दातवाल्यांच्या हातात तेव्हा तापलेली सुरी होती. ती त्यांनी मुकाट्याने स्टँडवर ठेवली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

पोटातल्या यंत्राने तर जीव मेटाकुटीला आणला होता. पाण्याचा पंप सुरू केला की पुढच्या चाकांना कापरं भरायचं. पंपाच्या मोटरमुळे रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर बिथरतो, हे कळायलाच आठवडा गेला. दातवाल्यांनी वायरी लांबून फिरवल्या, मोटरवर छोटे कपॅसिटर डकवले, रिसीव्हर उचलून ड्रायव्हरच्या सीटखाली नेला. कापरं थांबलं, तर टाकी गळून बॅटरी भिजली. टाकीला लेप दिला, तर झाकण बसेना. झाकण घासलं, तर ते तडकलं. रोज एक गोष्ट दुरुस्त व्हायची आणि दोन नव्या डोकं वर काढायच्या.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मापं. दोन्ही फोटो उजव्या बाजूने काढलेले होते. डाव्या बाजूचं काय ते मेहुण्यांच्या तोंडून. आणि मेहुणे पहिल्या दिवसापासून एकच धरून बसले होते: पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर डाव्या बाजूला दोन बोटं कमी धरा.

"कमी कसं असेल, दादा? गाडी आहे ती. एक पाय आखूड असलेली खाट नाही."

"होतं कमी. मी चालवलीय, तुम्ही नाही."

कारण विचारलं की ते खिडकीबाहेर बघायचे आणि चहाचं काय झालं म्हणून बहिणीला विचारायचे.

दातवाले आयुष्यभर साच्यावर काम केलेला माणूस. पेशंट काय सांगतो यावर त्यांनी कधी कवळी केली नव्हती. प्लास्टरमध्ये जो जबडा उतरला तो खरा, बाकी सगळ्या गप्पा. टोचतंय म्हणून परत आलेल्या कवळ्या ते साच्यावर बसवून दाखवायचे आणि बरोबर आहे, सवय होईल, असा निरोप देऊन डॉक्टरकडे उलट पाठवायचे. या दोन बोटांचाही एकदाचा निकाल लावायचा असं त्यांनी ठरवलं आणि मेहुण्यांना पत्ता लागू न देता स्टेशनच्या रेकॉर्ड रूमचे खेटे सुरू केले. पहिल्या दिवशी तिथल्या बाई रजेवर. दुसऱ्या दिवशी बाई हजर, तर कपाटाची किल्ली गायब. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून, जुन्या हजेरीपुस्तकांच्या ढिगाखालून, बंब बनवणाऱ्या कारखान्याचं मूळ रेखाचित्र निघालं. घडीवर फाटलेलं, पण आकडे स्वच्छ. डावी बाजू आणि उजवी बाजू केसाएवढाही फरक न ठेवता सारखी.

दातवाल्यांनी त्याची प्रत घरी आणली आणि मेहुण्यांची वाट बघत बसले. इतकी वाट त्यांनी त्यांची कधी पाहिली नव्हती. मेहुणे आल्याबरोबर त्यांनी कागद टेबलावर पसरला, पट्टी ठेवून दोन्ही मापं मोजून दाखवली, एकदा नाही, दोनदा. मेहुण्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून आकडे पाहिले. तिथेच थांबायला हवं होतं. पण पाच मडगार्डं दातवाल्यांच्या डोक्यात साठलेली होती.

"वय झालं की असं होतं, दादा. आठवणीवर भरवसा ठेवू नये. आता मला माझं काम करू द्या."

मेहुण्यांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. नंतर अकरा दिवस ते फिरकले नाहीत. बायको भावासारखं उठून कुठे जाऊ शकत नव्हती, म्हणून तिने घरातच अबोला धरला. ताट समोर आदळलं की जेवायची वेळ झाली, एवढंच दातवाल्यांना कळायचं.

या अकरा दिवसांत बंब मात्र पुरा झाला. टाकी गळायची थांबली, निदान पुष्कळ कमी झाली. लाल रंगावर सोनेरी रेघ बसली, घंटेला जाड पितळ लावल्यावर तिचा आवाज भरला. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत बंब सुतासारखा सरळ जायचा. दातवाले तो पुन्हा पुन्हा चालवून बघायचे. बायको ओट्याशी पाठ करून उभी. शेवटी तीच बोलली, वळून न बघता: दादाला दाखवल्याशिवाय हा स्टेशनात जाणार नाही.

म्हणून रविवारी सकाळी दोघं खोक्यात बंब घेऊन मेहुण्यांकडे गेली. मेहुणे विधुर, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. दारासमोर लांबलचक व्हरांडा. त्यांनी बंब हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला, डाव्या चाकाजवळ नजर थोडी थांबली आणि त्यांनी तो खाली ठेवला. बहीण चहा टाकायला आत गेली. दातवाल्यांनी रिमोट पुढे केला.

बंब निघाला आणि पाच पावलांवर उजव्या भिंतीला जाऊन आदळला. मेहुण्यांनी उचलून पुन्हा मधोमध ठेवला. पुन्हा उजवी भिंत. तिसऱ्यांदा उजव्या मडगार्डचा टवका उडाला तेव्हा दातवाल्यांचा संयम सुटला.

"अहो, तो सरळच जातोय. तुम्ही अंगठा उजवीकडे दाबून धरलाय."

मेहुण्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं. "धरलाय खरा," ते म्हणाले आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते दातवाल्यांनी उभ्यानेच ऐकलं. एकतीस वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीला आग लागल्याचा फोन आला होता. मेहुण्यांची नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. वखारीच्या फाटकात त्यांनी वळण घाईने घेतलं आणि बंबाचं पुढचं डावं चाक दगडी खांबावर आदळलं. डाव्या बाजूच्या पायरीवर एक सहकारी उभा होता. शिडीवर चढण्यात त्याचा हात कुणी धरत नसे, म्हणून सगळे त्याला शिडीवाला म्हणायचे. त्याचा पाय गाडी आणि खांबाच्या मध्ये सापडला. आग दुसऱ्या बंबांनी विझवली, कुणाचा जीव गेला नाही. पण चौकशी लागली असती. शिडीवाल्याने दवाखान्यातून लिहून दिलं, की गाडी थांबायच्या आत मीच खाली उडी मारली. वर्कशॉपच्या फिटरने मडगार्ड ठोकून जमेल तसं सरळ केलं. पुढचा ॲक्सल मात्र डावीकडे दोन बोटं मागे सरकला तो सरकलाच. तो नीट करायचा तर अपघात कागदावर आणावा लागला असता. तेव्हापासून भंगारात जाईपर्यंत गाडी डावीकडे ओढायची आणि मेहुणे स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवायचे.

"तो पुन्हा शिडीवर चढला नाही," मेहुणे म्हणाले. "स्टोअरमध्ये होज मोजत बसायचा. निष्काळजीपणाचा शेरा त्याच्या सर्व्हिस बुकात लागला. माझा शेरा."

दातवाल्यांना आधी राग आला तो मडगार्डांचा. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पाच वेळा तोडफोड झाली नसती, रेकॉर्ड रूमचे खेटे वाचले असते. मग आपण त्यांना वय झालं म्हणालो ते आठवलं, आणि त्याचाही राग आला, स्वतःचा. कोणत्या रागाला आधी वाट द्यावी हेच त्यांना कळेना.

"करायचाच तर मी चालवला तो बंब करा," मेहुणे खाली बघत म्हणाले. "नाहीतर राहू द्या. हा दुसराच कुठला तरी आहे."

स्टेशनात बंब द्यायच्या कार्यक्रमाला अठरा दिवस होते. दातवाल्यांनी एकच अट घातली. बंब सगळ्यांदेखत डावीकडे जाईल, कुणीतरी विचारेल, तेव्हा कारण मेहुण्यांनी सांगायचं. आपल्या कामाला नावं ठेवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मेहुणे म्हणाले, सांगेन. बहिणीने चहा आणला तोपर्यंत एवढं ठरलं होतं.

तयार झालेली वस्तू बिघडवणं हे घडवण्याहून अवघड असतं, हे त्या अठरा दिवसांत दातवाल्यांना कळलं. मूळ गाडीतली दोन बोटं म्हणजे इथे जेमतेम तीन मिलिमीटर. पण त्या तीन मिलिमीटरसाठी पुढचा ॲक्सल कापून काढावा लागला. तो तिरका बसवला तर चाक मडगार्डला घासायला लागलं, म्हणून मडगार्ड सहाव्यांदा केलं. मडगार्ड बसलं तर स्टिअरिंगचा दांडा अडकायला लागला. तो वाकवला तर सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, कण्हत कण्हत बंद पडली. नवी आणायला दोन दिवस. रंग पुन्हा, सोनेरी रेघ पुन्हा. मेहुणे आता रोज येऊन स्टुलावर बसायचे, पण तोंडातून शब्द काढायचे नाहीत. मागितलं तर पक्कड द्यायचे. दातवाल्यांना आता त्याचाही त्रास व्हायला लागला. एकदा ते चिडून म्हणालेसुद्धा, की चूक असेल तर सांगा तरी. मेहुणे म्हणाले, आता चूक नाही.

कार्यक्रम स्टेशनच्या आवारात सकाळी होता. खुर्च्या मांडल्या होत्या, जुने आणि नवे लोक मिळून पन्नाससाठ जण असतील. मेहुण्यांनी बंब चालवला. अंगठा उजवीकडे धरलेला आणि बंब आवाराच्या मधोमध सरळ. घंटा वाजली, नळीतून पाण्याची धार हातभर लांब गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग स्टेशन ऑफिसरने हौसेने रिमोट मागून घेतला. बंब निघाला आणि डावीकडे वळत वळत खुर्चीच्या पायावर आदळला. त्याने पुन्हा चालवला, बंब पुन्हा डावीकडे. तो भला माणूस होता, हसून म्हणाला, स्टिअरिंगमध्ये थोडा दोष राहिलेला दिसतो, आमचा मेकॅनिक काढून टाकेल. मग त्याने विचारलं, हे असं का होतंय?

दातवाल्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुणे आपल्या बुटाच्या टोकाकडे बघत होते. दातवाले थांबले. अजून थांबले. पन्नास माणसं त्यांच्याकडे बघत होती. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून तीन मिलिमीटर चुकलेली एकही वस्तू बाहेर गेली नव्हती.

"हो," ते शेवटी म्हणाले. "राहिलंय तेवढं."

पहिल्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उठला. दातवाल्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण तो डावा पाय ओढत दोन पावलं पुढे आला आणि त्यांना कळलं.

"काही राहिलेलं नाही," शिडीवाला ऑफिसरला म्हणाला. "गाडी अशीच ओढायची. ज्याने हे केलंय त्याने बरोबर केलंय."

ऑफिसरने कारण विचारलं. जुनी गाडी, जुन्या खोडी, असं काहीतरी बोलून शिडीवाला परत जाऊन बसला. लोक हसले, चहा आला, पांगापांग झाली.

दातवाले बंब उलटा करून टाकीतलं पाणी काढत होते. त्यातलं निम्मं त्यांच्या पँटवर सांडलं. मेहुणे शेजारी येऊन उभे राहिले. दातवाल्यांचा आवाज मुळात बारीक, तो त्यांनी आणखी खाली आणला.

"दादा, मी आत्ता तुमच्यासाठी खोटं बोललो. तो माणूस तर दुसऱ्यांदा बोलला."

"तोंड उघडलं होतं मी. आवाजच फुटला नाही."

"मग आता तिथे जाऊन उघडा. तोवर मी इथून हलत नाही."

मेहुणे गेले. पावलं मोजत गेले. दातवाल्यांना लांबून दोघं खुर्च्यांवर बसलेली दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. मेहुणे बोलत होते, शिडीवाला समोर बघत होता. एकदा त्याने काठी जमिनीवर आपटली. नंतर तो बोलायला लागला आणि मेहुण्यांची मान खाली गेली. शिपायांनी बाकीच्या सगळ्या खुर्च्या उचलून नेल्या, फक्त त्या दोन राहिल्या. बायको फाटकाशी उभी राहून घड्याळ बघत होती. दातवाल्यांनी तिला थांब अशी खूण केली.

मेहुणे परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. दातवाल्यांनी विचारलं, काय म्हणाला?

"पायाबद्दल बोलायला लागलो, तर म्हणाला, पायाचं सोड, ते मी माझ्या मर्जीने लिहून दिलं होतं. एकतीस वर्षांत एकदाही माझ्या घरी आला नाहीस, त्याचं काय ते बोल." मेहुण्यांनी मान हलवली. "त्याला काय सांगणार होतो? त्याच्या गल्लीतून जायचंसुद्धा टाळायचो मी."

"आणि ऑफिसरला?"

"आधी शिडीवाल्याला विचारेन, मग सांगेन. शेरा त्याच्या बुकात आहे." मग म्हणाले, "रविवारी ये म्हणालाय. तुम्ही येता का बरोबर?"

"नाही," दातवाले म्हणाले.

बंब त्या दिवशीच हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेला. बॅटरी काढून ठेवली, म्हणजे तो आता कुणी चालवणार नव्हतं. एवढा उपद्व्याप करून शेवटी काचेआडच बसवायचा होता, तर पंपासाठी आपण रक्त का आटवलं, हे दातवाल्यांनी घरी येताना बायकोला दोनदा विचारलं. घरी गेल्यावर ताट मात्र या वेळी आदळलं नाही.

रविवारी दातवाल्यांनी मागची खोली आवरायला काढली. ॲक्रिलिकचे तुकडे, तडकलेली झाकणं, जळलेली सर्व्हो सगळं एका डब्यात भरलं. दुपारी फोन वाजला तो बायकोने घेतला. बराच वेळ नुसतं हं, हं चाललं होतं. मग तिने दारात येऊन सांगितलं, दादा अजून तिकडेच आहे, जेवायला थांबवून घेतलंय त्याला, शिडीवाल्याच्या सुनेने फोन जोडून दिला होता.

"काय म्हणत होते दादा?"

"म्हणाला, तो अजून रागावलेला आहे. पण ताटात वाढतोय."

दातवाले बरं म्हणाले आणि झाडू घेऊन टेबलाखालचं प्लास्टर लोटायला लागले.